कॅमेऱ्याविना सिनेमा, पण मोजून

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत कॅमेऱ्याविना सिनेमावरचा लेख वाचला. विषयाला जागा दिलीत, बरं वाटलं. पण फिल्मवर मीठ भुरभुरायचं, वरून टॉर्च मारायचा आणि बाकी नशिबावर सोडायचं, हे त्यातलं वर्णन पटलं नाही. अमेरिकी कलावंत मॅन रे यांनी १९२३ साली मीठ, मिरपूड, टाचण्या फिल्मवर पसरल्या तेव्हा तसं असेलही. मी काही वर्षं १६ मिमी फिल्मवर हेच करते, वस्तू ठेवून वरून प्रकाश टाकते आणि त्यांची सावली उमटवते, आणि माझा निम्मा वेळ मोजण्यात जातो.

एक फ्रेम साडेसात मिलिमीटरहून किंचित मोठी. काडेपेटीतली काडी फिल्मवर उभी ठेवली, तर साधारण सहा फ्रेम व्यापते. पडद्यावर पाव सेकंद. आडवी ठेवली तर एकाच फ्रेमची चमक, पापणी लवली की हुकली. कृष्णधवल प्रिंट फिल्मला लाल प्रकाश जाणवत नाही, म्हणून हे सगळं डार्करूममध्ये लाल दिव्याखाली नीट बघून मांडता येतं. (इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, कुठल्या बाजूला आहे ते ओठाने कळतं: ती बाजू ओलसर ओठाला चिकटते. चव वाईट.)

नशिबाने मला एकदाच काहीतरी दिलं. मिठाचे दाणे साउंडट्रॅकवर, म्हणजे फिल्मच्या कडेच्या आवाजाच्या पट्टीवरही सांडले होते. प्रोजेक्टरवर चढवल्यावर दाणे आधी दिसले आणि तडतड सेकंदाहून थोडी उशिरा ऐकू आली. मशीन बिघडलं असं वाटून मी ते उघडूनही बसले! मग उलगडलं: १६ मिमीत आवाज चित्राच्या २६ फ्रेम पुढे छापतात, कारण आवाज वाचणारा दिवा फिल्मच्या वाटेत गेटच्या, म्हणजे चित्र पडद्यावर टाकणाऱ्या खिडकीच्या, पुढे असतो. २६ फ्रेम म्हणजे जवळपास वीतभर. तेव्हापासून आवाजाचे दाणे मी वीतभर आधी, फिल्मच्या सुरुवातीच्या बाजूला ठेवते.

अमेरिकी प्रायोगिक चित्रपटकार स्टॅन ब्रॅकेज यांचा १९६३चा लघुपट ‘मॉथलाइट’ लेखकाने याच माळेत ओवलाय. तिथे वस्तूंची सावली घेतलेलीच नाही. पतंगांचे पंख, पानं दोन पारदर्शक टेपांमध्ये चिकटवून त्याची प्रिंट काढली आहे.

शेवटी एक शंका. लेखासोबतच्या चित्रात पांढऱ्यावर काळे खिळे दिसतात. वस्तूखाली प्रकाश पोचत नाही, त्यामुळे डेव्हलप केल्यावर ती जागा पारदर्शक राहते. खिळा पांढरा आणि भोवती काळं, असं यायला हवं. त्यावरून पुन्हा प्रिंट काढून काळं-पांढरं उलटलं असेल तर गोष्ट वेगळी. तेवढं लेखकाला विचारून कळवाल का?

आपली,
एक नियमित वाचक