ला प्रेनूझचा बुरूज

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुला किल्ल्यांचं वेड, म्हणून हे सगळं पत्र एका बुरुजाबद्दल. मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्लॅक रिव्हर भागात ला प्रेनूझ इथे समुद्राच्या काठाशी तो उभा आहे. तट नाही, बालेकिल्ला नाही, नुसता एकटा गोल दगडी बुरूज! इंग्रजांनी १८३०च्या दशकात बेटावर असे पाच बांधले, त्यांना मार्टेलो बुरूज म्हणतात. १७९४ साली भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका बेटावरच्या अशाच एका बुरुजाने त्यांच्या युद्धनौकांना दाद दिली नव्हती, तेव्हा त्यांनी तीच रचना उचलली. समुद्राकडची भिंत जमिनीकडच्या भिंतीपेक्षा जाड. दरवाजा उंचावर, म्हणजे शिडी काढून घेतली की वाट बंद. वर गच्चीवर चहूकडे फिरणारी तोफ.

पण १८१० साली बेट फ्रेंचांकडून जिंकून झालं होतं, मग भीती कुणाची? घरच्यांचीच. सत्ता इंग्रजांची, उसाचे मळे मात्र फ्रेंचांच्या हातात राहिले होते. गुलामगिरी बंद होणार हे दिसू लागलं, तसे मळेवाले खवळले. १८३२ मध्ये जॉन जेरेमी हा गुलामगिरीचा कट्टर विरोधक मोठ्या पदावर आला, तेव्हा त्यांनी बेटावरचे सगळे व्यवहार बंद पाडून त्याला परत जायला लावलं. उद्या हेच लोक बंड करतील आणि फ्रेंच आरमार त्यांच्या मदतीला येईल, या धास्तीतून हे बुरूज उभे राहिले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. भरपाई मिळाली ती मालकांना. पिढ्यान् पिढ्या राबलेल्यांच्या हाती काहीच आलं नाही, आणि याचा मला आजही संताप येतो.

उसाला माणसं तर हवीच होती. ती मग हिंदुस्थानातून करारावर आणली. मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजांत आपल्या रत्नागिरीकडची, साताऱ्याकडची माणसंही होती. त्यांचे वंशज आज याच बेटावर गणपती बसवतात. मराठी माणसांची इथली गोष्ट सगळे राजधानी पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटापासून, म्हणजे हे मजूर जिथे उतरले त्या धक्क्यापासून सांगतात. मी ती या बुरुजापासून सांगतो, कारण मळ्यांवर माणसं कमी का पडली, हे इथे उभं राहिलं की कळतं.

तू गणेश चतुर्थीच्या सुमारास ये. इथे त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. आणि मोजपट्टी आठवणीने आण, भिंतीची जाडी मोजल्याशिवाय तुला चैन पडायची नाही.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र