लाह्यांचा मका फुटत का नाही?

संपादक महोदय, स. न.

इंदुरात परसात लाह्यांचा मका लावणाऱ्यांची तक्रार ठरलेली: कणसं भरतात, दाणे फुटत नाहीत. दोष बहुधा बियाण्याचा नसतो, सुकवण्याचा असतो. दाण्यात ओल १३ ते १४ टक्के लागते. तिचीच वाफ कढईत कडक साल फोडते.

भुट्ट्याच्या किसासाठी दुधाळ कणीस तोडतो, तसं हे तोडू नका. पानं वाळून दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की काढा. सोलून सावलीत, हवेशीर टांगा. आठवड्याला चार दाणे फोडून पाहा. लाही चिवट आली तर ओल जास्त. नुसते करपले तर कमी. अशा वेळी बरणीत तीन वाट्या दाण्यांना चमचाभर पाणी चोळून, झाकण लावून दोन-तीन दिवस ठेवा, रोज हलवा.

लावणी जूनअखेर, एका लांब ओळीत नव्हे, चौकोनात: निदान चार ओळी, दोन फूट अंतर, रोपांत वीतभर. पराग वाऱ्याने उडतो. ओळ एकच असली की कणीस बोळकं राहतं. काळ्या मातीत पाणी तुंबतं, म्हणून वाफा उंच हवा. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, भुशासारखी विष्ठा दिसली तर लष्करी अळी समजा, हातानेच वेचा.

देशी वाणाचं बी पुढच्या वर्षी चालतं, पण ते एकाच कणसाचं नको. शक्य तितक्या झाडांचं मिसळून ठेवा. शेजारी स्वीट कॉर्न मात्र लावू नका, लाह्यांच्या मक्याचा पराग लागून स्वीट कॉर्नचे दाणे पिठूळ होतात.

– एक वाचक, इंदूर