आफ्रिकन व्हायोलेटचे पान मुंबईत पावसाळ्यात लावू नये

प्रति,
माननीय संपादक,

विषय : घरातील बागेविषयीच्या मजकुरातील एका सल्ल्याबाबत

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत यंदा पावसाच्या तोंडावर घरातील बागेविषयी जो मजकूर आला होता, त्यात जास्वंद, क्रोटन, तगर यांच्या फांद्या लावण्यासाठी मृगाचा पाऊस उत्तम असल्याचे सांगून त्याच ओघात आफ्रिकन व्हायोलेट या लवदार पानांच्या छोट्या फुलझाडाचे पानही, नवे रोप करण्यासाठी, याच दिवसांत लावावे, असे लिहिले होते. जास्वंदीच्या बाबतीत हा सल्ला अगदी योग्य आहे; आफ्रिकन व्हायोलेटच्या बाबतीत मात्र, निदान आपल्या मुंबईत, तो नुकसानीचा आहे. तो वाचून माझ्या ओळखीतील तिघींनी पाने लावली आणि तिघींचीही पाने श्रावण लागण्यापूर्वी कुजली. त्यांतील एकीने 'हे झाड आपल्या हवेतले नव्हेच' असे म्हणून मूळ झाडही कुणाला तरी देऊन टाकले. त्याचे मला फार वाईट वाटले, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

विलेपार्ल्यातील दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, पूर्वेच्या खिडकीशी, मी गेली चौदा वर्षे ही झाडे वाढवते आहे. पहिल्या वर्षी मीही हीच चूक केली होती. लहानपणापासून ऐकलेले एकच, की पहिला पाऊस पडला की जे लावाल ते जगते. त्या भरवशावर मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नऊ पाने बागेच्या मातीत लावली आणि हवा दमट असल्यामुळे ती आनंदात असतील, असे समजून निश्चिंत राहिले. अकराव्या दिवशी एक पान सहज कलंडले. उचलून पाहिले तर मातीतला देठ तपकिरी, पारदर्शक आणि बुळबुळीत झाला होता. चिमटीत धरताच त्याची साल निघून हातात आली आणि आत फक्त एक धागा उरला. पानाचा वरचा भाग मात्र अजून हिरवागार आणि टवटवीत दिसत होता, आणि या झाडाच्या बाबतीत फसगत होते ती इथेच. पान वरून आठ-दहा दिवस ठणठणीत दिसते, पण खाली त्याचा निकाल आधीच लागलेला असतो. महिनाअखेरीपर्यंत नऊच्या नऊ पाने गेली.

असे का होते, हे समजण्यासाठी हे झाड मुळात कुठले आहे ते पाहावे लागते. नावात व्हायोलेट असले तरी खऱ्या व्हायोलेटशी त्याचे नाते नाही. ते जेस्नेरिएसी या कुळातले आहे, आणि त्याच कुळातील मायक्रोचिरिटासारख्या नाजूक वनस्पती आपल्या सह्याद्रीतही पावसाळ्यात ओल्या कातळांवर उगवतात. आफ्रिकन व्हायोलेट मूळचे टांझानियातील उसांबारा डोंगररांगा आणि त्यांच्या आसपासच्या, केनियाच्या आग्नेय भागापर्यंतच्या जंगलांतले. जर्मन अधिकारी वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर यांनी १८९२ साली ते तिथून जर्मनीला आपल्या वडिलांकडे पाठवले आणि १८९३ साली हेर्मान वेंडलांड यांनी त्याला सेंटपॉलिया आयोनान्था हे नाव दिले. (२०१५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी सेंटपॉलिया ही स्वतंत्र प्रजाती न मानता तिचा समावेश स्ट्रेप्टोकार्पसमध्ये केला, झाडप्रेमींच्या तोंडी जुने नावच आहे.) तिथे ते मोठ्या झाडांच्या सावलीत, शेवाळलेल्या खडकांच्या कपारींत, मूठभर पालापाचोळ्यात मुळे रोवून उभे असते. हवा दमट, पण मुळांपाशी पाणी साचायला जागाच नाही. पावसाळ्यातील मुंबईच्या कुंडीत दमटपणा मिळतो. पाण्याचा निचरा आणि मुळांशी खेळणारी हवा मात्र मिळत नाही.

जास्वंदीच्या फांदीचे खोड लाकडी असते, म्हणून ती चार दिवसांची चिखलओल सहन करते. व्हायोलेटच्या पानाचा देठ भेंडीच्या कोवळ्या देठासारखा रसाळ असतो आणि त्याची कापलेली बाजू म्हणजे उघडी जखम असते. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ८५-९० टक्क्यांच्या घरात असते, त्यामुळे कुंडीतले पाणी वाळत नाही. ढगांमुळे उजेड इतका मंद असतो की पानाला पुरेसे अन्न तयार करता येत नाही, आणि २७-३० अंशांची ऊब कुजवणाऱ्या बुरशीला मानवते. मुळे फुटायला तीन-चार आठवडे लागतात आणि कूज मात्र आठवड्याभरात पसरते, तेव्हा पान हरणारच. एप्रिल-मे हाही यासाठी वाईट काळ. या झाडाला साधारण १८ ते २७ अंश तापमान मानवते आणि त्या दिवसांत आपल्याकडे दिवसा पारा त्याच्या बराच वर असतो, मे महिन्यात तर रात्रसुद्धा २७ अंशांच्या आसपासच राहते. परदेशी पुस्तकांत पान वसंत ऋतूत किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला लावा, असे लिहिलेले असते ते तिथल्या हवेसाठी खरे आहे. त्यांचा उन्हाळा म्हणजे जवळजवळ आपला डिसेंबर.

माझ्या अनुभवात मुंबईत यासाठी एकच सोयीचा मुहूर्त आहे, तो तुळशीच्या लग्नाचा. ऑक्टोबरचा उकाडा तोवर ओसरलेला असतो, हवा कोरडी होऊ लागते आणि उजेड स्वच्छ असतो. तेव्हा लावलेल्या पानाला डिसेंबरच्या मध्यापर्यंत मुळे येतात, संक्रांतीच्या मागेपुढे मातीतून पिल्ले, म्हणजे देठापाशी फुटणारी इवली रोपे, डोके वर काढतात, होळीच्या सुमाराला ती वेगळी करता येतात आणि मे महिन्याचा ताप सुरू होईपर्यंत आपापल्या कुंडीत रुजलेली असतात. जानेवारीच्या अखेरीस लावलेले पानही जगते, पण त्याची पिल्ले ऐन उन्हाळ्यात तान्ही असतात आणि त्यांतली निम्मी हाती लागत नाहीत.

पान निवडताना अगदी मधले कोवळे पान घेऊ नये आणि कुंडीच्या काठावर टेकलेले, पिवळसर झालेले जून पानही घेऊ नये. मधून मोजत बाहेर आले की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतले पान बरोबर असते. ते बाजूला ओढून खोडापासून पूर्ण सुटे करावे, कारण देठाचा तुकडा खोडाला राहिला तर तो कुजून मूळ झाडालाच धोका होतो. मग नव्या ब्लेडने देठ सुमारे अडीच ते तीन सेंटीमीटर ठेवून तिरका कापावा. कात्रीने देठ चेपला जातो आणि चेपलेली जागा आधी सडते, म्हणून कात्री वापरू नये. काप पानाच्या दर्शनी बाजूला तोंड करून असेल तर पिल्ले पानाच्या मागे दडून न राहता समोर येतात, हे मला तिसऱ्या वर्षी कळले. कापल्यावर पान अर्धा तास तसेच ठेवावे, म्हणजे जखम सुकते.

बागेची लाल माती आणि शेणखत यांचा इथे उपयोग नाही. दोन-तीन वेळा धुऊन घट्ट पिळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि तेवढेच पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज कण) हे मिश्रण पुरते. ते मुठीत दाबल्यावर बोटांमधून पाणी टपकता कामा नये. तळाला भोके पाडलेल्या चहाच्या कागदी पेल्यात ते भरून देठ फक्त एक-दीड सेंटीमीटर आत जाईल इतकेच खोचावे आणि केक येतो तसल्या पारदर्शक डब्याखाली पेले ठेवून डबा रोज पाच मिनिटे उघडावा. पानाला हवा तेवढा दमटपणा डब्यातच तयार होतो. त्यासाठी पावसाळ्याची गरज नाही. डब्यावर थेट ऊन येऊ देऊ नये, कारण बंद डबा तासाभरात तापतो. घरात पुरेसा उजेड नसेल तर फूटभर उंचीवर एलईडी ट्यूब दहा-बारा तास लावली तरी चालते. नुसत्या पाण्याच्या ग्लासातही पानाला मुळे येतात, हे खरे आहे, पण ती पाण्यातली मुळे ठिसूळ असतात आणि मातीत नेताना मोडतात. मी तो मार्ग सोडून दिला.

पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी पान दोन बोटांत धरून अगदी हलके वर ओढून पाहावे. ते जागचे हलले नाही म्हणजे खाली मुळांनी पकड घेतली आहे. त्यानंतरचा महिना काहीच घडत नाही, असे वाटते आणि याच काळात बहुतेकांचा धीर सुटतो. नवव्या-दहाव्या आठवड्यात एके सकाळी देठापाशी मिश्रण किंचित उचललेले दिसते आणि चष्मा लावून पाहिले की तिळाएवढी दोन पाने दिसतात, इतकी लहान असूनही त्यांवर ती चंदेरी लव असतेच. आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत पानफुटीचे पान वहीत ठेवून त्याच्या कडेला फुटलेले अंकुर पाहिलेले आहेत. पानफुटीच्या खाचांत ते अंकुर उपजतच असतात. व्हायोलेटच्या देठात असे काहीही तयार नसते; कापाजवळच्या साध्या पेशी पुन्हा विभागू लागतात आणि त्यांतून सबंध झाड नव्याने घडते. चौदा वर्षांनंतरही मला याचे नवल वाटते.

एका पानापाशी तीन-चार तरी पिल्ले येतात. ती तीनेक सेंटीमीटरची झाली, की एकेक करून वेगळी करावीत. फुले येण्यासाठी पुढची थंडी उजाडावी लागते. पाणी देताना ते खोलीतल्या हवेइतकेच कोमट असावे, हे जानेवारीत विशेष सांभाळावे लागते. पहाटे टाकीतून आलेले गार पाणी पानावर पडले, तर तिथे फिकट वलये उमटतात आणि ती कधीच जात नाहीत. पावसाळ्यात वरून पाणी देणे मी बंदच करते आणि कुंडीच्या भोकातून वात सोडून ती खालच्या वाटीतल्या पाण्यात ठेवते. ही वात निरांजनाच्या कापसाची नको, ती सडते. विणकामाची अ‍ॅक्रिलिक लोकर वर्षानुवर्षे टिकते.

एक तक्रार विक्रेत्यांविषयीही आहे. काही वर्षांपूर्वी मी एका रोपवाटिकेतून पांढऱ्या पाकळ्यांवर मधोमध जांभळा पट्टा असलेले रोप बरीच किंमत मोजून घेतले आणि त्याच्या पानापासून तसेच पट्ट्याचे रोप होईल, असे तेव्हा मला सांगण्यात आले. वर्षभर जपल्यावर त्या पिल्लांना साधी एकरंगी जांभळी फुले आली. चूक पानाची नव्हती. अशा जातींत दोन वेगळ्या प्रकारच्या पेशींचे थर एकमेकांवर असतात आणि पानापासून येणारे पिल्लू त्यांपैकी एकाच थरातून उगवते, म्हणून पट्टा हरवतो. त्या जाती खोडाजवळच्या फुटव्यांपासून किंवा फुलांच्या दांड्यापासूनच वाढवाव्या लागतात. विकणाऱ्याने एवढे सांगायला हवे होते, आणि रोपावर जातीच्या नावाची चिठ्ठीही लावायला हवी होती. कारण बाकीच्या बहुतेक जाती पानापासून हुबेहूब तशाच येतात आणि बियांपासून येत नाहीत. लॉस एंजेलिसच्या आर्माकोस्ट आणि रॉयस्टन रोपवाटिकेने १९२० च्या दशकात बियांपासून वाढवलेल्या रोपांतून ज्या पहिल्या दहा जाती निवडल्या, त्यांतली ब्लू बॉय ही जात एका घरातून दुसऱ्या घरात पान देत-देतच आजवर टिकली आहे. उसांबाराच्या परिसरात जंगलतोडीमुळे याच्या मूळ रानटी जाती धोक्यात आल्या असताना घरातील झाडांची नावे तरी हरवू नयेत, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. पुरवणीतील बागेचा मजकूर मुंबईच्या हवेप्रमाणे, महिन्यागणिक तपासून द्यावा आणि व्हायोलेटविषयीची दुरुस्ती छापावी, ही पहिली. दुसरी अशी, की भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात महापालिकेचे जे वार्षिक प्रदर्शन थंडीच्या अखेरीस भरते, त्यात घरगुती झाडे वाढवणाऱ्यांना पेल्यांची अदलाबदल करण्यासाठी एखादे टेबल मिळावे, असे आपण सुचवावे. नोव्हेंबरात लावलेल्या पानांशी तोवर पिल्ले आलेली असतात आणि ती नेमकी हाताळण्याजोगी असतात. तसे टेबल मिळाले तर माझ्याकडचे वीस पेले नावाच्या चिठ्ठ्यांसह मी स्वतः आणून ठेवीन. हे पत्र तुळशीच्या लग्नापूर्वी प्रसिद्ध झाले तर ज्यांची पाने जूनमध्ये गेली, त्यांना याच वर्षी पुन्हा लावता येतील.

आपली नम्र,
एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई