मंडळीतली भांडणे आणि आत्मिक प्रौढता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती मंडळ्यांमधल्या, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांमधल्या, वादांवर आपल्या दैनिकात अलीकडे आलेली पत्रे वाचली. विश्वस्तांची निवड, मिळकतीचे कागद, पाळकांची बदली आणि शेवटी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज. ‘इतकी प्रार्थना करणारी माणसे इतकी भांडतात कशी?’ हा पत्रलेखकांचा सवाल रास्त आहे. साताऱ्यात बायबल-अभ्यासाचे वर्ग घेणाऱ्या आम्हा काही जणांना त्यावर चार शब्द लिहावेसे वाटले.

सवाल जुनाच आहे. बायबलातले, प्रेषित पौलाने इसवी सन ५५च्या सुमारास ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेले पहिले पत्र काढून पाहावे. तुम्ही कोणत्याही कृपादानात, म्हणजे देवाने दिलेल्या आत्मिक देणगीत, उणे नाही, असे तो पहिल्याच अध्यायात म्हणतो. तिसऱ्या अध्यायात मात्र त्याच लोकांना बाळके ठरवतो: तुम्हाला दूध पाजावे लागले, जड अन्न अजूनही झेपत नाही. पुरावा काय, तर तुमच्यातला हेवा आणि कलह. सहाव्या अध्यायात भावाने भावाला न्यायालयात खेचल्याबद्दल तो चांगलाच झाडतो. तेव्हा मेळाव्यात डोळे भरून येणे किंवा तास तास प्रार्थना करणे हे प्रौढतेचे माप पौलाने तरी धरलेले नाही. गलतीकरांना लिहिलेल्या त्याच्या पत्रात आत्म्याचे फळ म्हणून नऊ गुण येतात. त्यातली सहनशीलता, ममता, सौम्यता ही दुसऱ्या माणसाशी गाठ पडल्यावरच कळते. दार लावून खोलीत बसलेला प्रत्येक जण सौम्यच असतो.

आपल्याकडे चूक होते ती सुरुवातीलाच. बाप्तिस्मा किंवा दृढीकरण (मोठेपणी विश्वास जाहीर करण्याचा विधी) झाले की काम संपले, असे धरून चालतात. दृढीकरणाच्या वर्गाला नियमाने येणारी मुले नंतर नाताळ आणि पुनरुत्थानाच्या सणाला (ईस्टरला) तेवढी दिसतात. कारण पुढचा वर्गच नसतो. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला तो १९१७ साली, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवण्यासाठी. मधली बावीस वर्षे त्यांची वाढ थांबली नव्हती. उलट टोकाची चूक म्हणजे नवख्या माणसाच्या हाती लगेच माइक देणे. दर सभेत त्याचीच साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणे, वर्षभरात तोच पंचकमिटीवर. अध्यक्ष, म्हणजे मंडळीची देखरेख करणारा, नवशिका नसावा, तो गर्वाने फुगेल, हे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्पष्ट आहे. सेवकांचीही आधी पारख करा, असे पुढे सांगितले आहे.

आता वाचनाचे. बायबलात ११८९ अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच या हिशेबाने वर्षात ते पुरे होतात, म्हणून एक जानेवारीला उत्साहाने सुरुवात होते. उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तके मिळून नव्वद अध्याय. चौथा आठवडा संपता संपता लेवीय हे तिसरे पुस्तक उघडते आणि होमार्पणांच्या नियमांत माणूस अडकतो. तीन दिवस चुकले की नऊ अध्यायांची थकबाकी चढते आणि पुस्तक मिटते. नव्या वाचकाने त्या वाटेला जाऊच नये. मार्काचे शुभवर्तमान, म्हणजे त्याने सांगितलेली येशूची कथा, घ्यावे, सोळा अध्याय, रोज एक. मग याकोबाचे पत्र, पाचच अध्याय, पण जिभेविषयी त्याच्याइतके परखड कोणी बोललेले नाही. पुढे सबंध नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग: २६० अध्याय, आठवड्यात पाच दिवस एकेक, बावन्न आठवड्यांत बरोबर संपतो. उरलेले दोन दिवस चुकलेले भरून काढायला. वाचल्यावर वहीत एकच ओळ लिहावी: आज रात्रीपर्यंत मी काय करणार? ‘प्रेमाने वागेन’ अशी ओळ निरुपयोगी. ‘धाकट्या भावाला फोन करीन’ ही कामाची. सज्जनगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको की पारायण झाले म्हणजे बोध झाला असे नव्हे. आणि शास्त्र छापील असावे. मोबाइलवर वाचताना दुसऱ्या ओवीला व्हॉट्सअॅप वाजते.

प्रार्थनेला रोज पंधरा मिनिटे पुरतात. त्यातली पाच गप्प बसण्यासाठी ठेवावीत, नाहीतर मागण्यांची यादी वाचूनच उठणे होते.

खरा कस लागतो तो मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात. भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकटे जा. ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्या. तरीही नाही तर मंडळीला सांगा. क्रम इतका सोपा, आणि तो नेमका उलटा पाळला जातो. पहिल्या दिवशी ग्रुपवर संदेश पडतो, मग दोघे-तिघे जमतात, ज्याच्याविषयी बोलायचे त्याला सगळ्यांच्या शेवटी कळते. याहून वाईट प्रकार प्रार्थनासभेत चालतो. ‘अमक्यांच्या घरासाठी प्रार्थना करा, जास्त काही सांगत नाही,’ असे कोणी म्हटले की आमेन होण्याआधी सगळे सगळ्यांना समजलेले असते. चुगलीला प्रार्थनेच्या विषयाचा झगा घातला की कोणी हटकत नाही. सभा चालवणाऱ्याने तिथेच विचारावे, ‘त्यांना विचारून सांगताय का?’ नसेल तर विषय घेऊ नये. एकटे जाण्याचीही रीत आहे. भरल्या घरात जाऊ नये, रागाच्या दिवशी जाऊ नये, जुनी प्रकरणे उकरू नयेत. एकच गोष्ट, तीही आपल्या डोळ्यांनी पाहिलेली, सांगावी. मात्र मारहाण, लहान मुलांवरचा अत्याचार किंवा पैशांची अफरातफर असेल तर ‘आधी एकांतात समजावू’ म्हणून दडपू नये. तिथे पोलीस आणि कायदा.

पैशाच्या बाबतीतही प्रौढता दिसते. दान उपासना संपताच, इमारतीतच, एका घरातले नसलेल्या दोघांनी मोजावे, नोंदवहीत दोघांच्या सह्या व्हाव्यात, पाळकांनी मोजणीला बसू नये. हा अविश्वास नव्हे. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौलही वर्गणी पोचवायला एकट्याने जात नाही, बरोबर माणसे घेतो, कोणी दोष लावू नये म्हणून.

जिल्ह्यातल्या मंडळ्यांच्या पंचांना एक सूचना. प्रभुभोजनाचा (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा) रविवार आठवडाभर आधी जाहीर करावा आणि ते सात दिवस भेटीगाठींसाठी राखावेत. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण वेदीपुढे ठेव, आधी समेट कर, मग ये, असे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. मध्यस्थ लागला तर वादातल्या कोणत्याच गटाचा नसलेला, दुसऱ्या गावच्या मंडळीतला एखादा ज्येष्ठ बोलवावा. विश्वस्तांच्या निवडणुकीचे अर्ज भरणाऱ्यांनी तरी या सात दिवसांत एकमेकांच्या घरी जाऊन यावे, आणि अर्ज त्यानंतरच स्वीकारावेत.

आपले,
बायबल-अभ्यासवर्गाचे काही शिक्षक, सातारा