मात्रा गिळणारी चकाकी

मा. संपादक, स. न. वि. वि.

ॲपलने जानेवारी 2000 मध्ये ‘ॲक्वा’ या नावाने पाण्याच्या थेंबासारखी चकचकीत बटने संगणकाच्या पडद्यावर दाखवली. 2013 मध्ये आयफोनवरची चकाकी त्यांनीच पुसून टाकली आणि 2025 मध्ये ‘लिक्विड ग्लास’ म्हणून काचेची झळाळी पुन्हा आणली. फॅशन फिरून येते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मराठी बटनांच्या वरच्या अर्ध्या भागाबद्दल.

येथील एका संस्थेच्या वर्गणीच्या ॲपवर ‘पुढे’ आणि ‘मागे’ अशी पांढऱ्या अक्षरांची दोन चकचकीत निळी बटने आहेत. माझ्या पंच्याऐंशी वर्षांच्या आईने त्यांतले दुसरे ‘माग’ असे वाचले आणि मला विचारले, “काय रे मागू?” मी हसलो खरा, पण फोन हातात घेतल्यावर मलाही मात्रा दिसेना.

त्याचे कारण फोटोशॉप हे चित्रे घडवण्याचे सॉफ्टवेअर शिकणाऱ्या माझ्या भाचीच्या लॅपटॉपवर कळले. गोल कोपऱ्यांचा आयत काढायचा, त्यात वरून खाली ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू बदलत जाणारी रंगछटा, भरायचा, वरच्या अर्ध्या भागावर पांढरी लंबगोल पट्टी टाकून तिची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, 50 टक्के करायची, अशी ही कृती तिला क्लासमध्ये पाठ करायला दिली होती. ही रीत रोमन अक्षरांना चालून जाते, कारण त्यांचा मुख्य भाग मधोमध बसतो आणि वरच्या पट्ट्यात एखादी उभी रेघ किंवा टिंब तेवढे जाते. देवनागरीत मात्र शिरोरेषा, मात्रा, वेलांटीचा वरचा फास, रफार आणि अनुस्वार हे सगळे नेमके त्या पांढऱ्या पट्टीखाली सापडतात. ‘बंद’चे ‘बद’ होते, आणि ‘अर्ज’चा रफार गेला की उरतो तो अज, म्हणजे बोकड.

भाचीने आधी मजकुराचा लेयर, म्हणजे थर, चकाकीच्या वर उचलला, पण फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण पांढरे अक्षर पांढऱ्या पट्टीवर असो वा खाली, ते पांढरेच राहते. फिकी होते ती पार्श्वभूमी. तिच्या बटनाचा निळा रंग 0 ते 255 या मापावर लाल 30, हिरवा 90, निळा 168 असा होता. त्यावर पांढऱ्या अक्षराचे कॉन्ट्रास्टचे, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे, गुणोत्तर सुमारे 6.8 भरते, 50 टक्के चकाकी चढवताच ते 2.3 वर घसरते. वेबवरील मजकुरासाठीच्या सुलभतेच्या जागतिक निकषांत साध्या आकाराच्या अक्षरांना किमान 4.5 लागते. ओपॅसिटी 15 टक्क्यांवर आणली तेव्हा ते 4.8 झाले आणि चकाकीही शिल्लक राहिली. चकाकी याहून जास्त हवी असेल, तर मूळ निळा गडद करावा किंवा पट्टी शिरोरेषेच्या पुष्कळ वर, बटनाच्या कडेशीच संपवावी.

मी चाळीस वर्षे चित्रकला शिकवली, म्हणून आणखी एक सांगतो. लक्ष्मीविलास राजवाड्यातील राजा रविवर्म्यांची तैलचित्रे जवळून पाहिली, तर दागिन्यावरची झळाळी रंगाच्या एखाद्या लहानशा फटकाऱ्यात उतरलेली दिसते. सारा दागिना काही पांढरा केलेला नसतो. प्रकाश कोठून येतो हे ठरवले की तो कोठे पडत नाही हेही ठरते. क्लासमध्ये मात्र प्रकाशाची दिशा न शिकवता टक्केवारी तेवढी शिकवतात.

मराठी अक्षरे तुटतात हा घोळ वेगळाच. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधील ‘टाइप’ विभागात जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडला नाही, तर जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. हे दोन क्लिकचे काम आहे, तरीही तुटक्या अक्षरांची बटने सर्रास दिसतात.

डिझाइनचे वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की, सरावाच्या बटनावर ‘सबमिट’ऐवजी ‘अर्ज’, ‘बंद’, ‘मागे’ असे शब्द घ्यायला लावावेत आणि ते फोनच्या पडद्यावर, हातभर अंतरावरून वाचून पाहावेत. भाचीचे दुरुस्त बटन मी आईपुढे धरले, तेव्हा तिने ‘मागे’ असे वाचले आणि चष्मा काढून ठेवत म्हणाली, “मग आधीच नीट लिहायचं की!”

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
दांडिया बाजार, बडोदे