मंजे, कुठली दोरी देऊ?

प्रिय मंजे,

चार महिने पत्र नाही, तुझे फोनही उचलले नाहीत. त्याबद्दलच्या शिव्या आधी देऊन घे, मग पुढे वाच. तब्येत बाकी ठीक. डावा गुडघा गेला.

हो, तोच आवाज. कट्ट! उडी मारून एका पायावर उतरले, गुडघा आत वळला आणि ऐकूच आला. तू सांगायचीस तेव्हा मी म्हणायचे, गुडघ्याचा कसला आवाज येतोय, नाटकी कुठली. दोन तासांत भोपळा झाला. डॉक्टरांनी एमआरआयच्या आधीच नडगी धरून पुढे ओढून पाहिली आणि शेजारच्या शिकाऊ पोराकडे बघून नुसती मान हलवली. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड नडगीला बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलंय, गादी शाबूत आहे.

लगेच कापाकापी नको म्हणून तीन महिने व्यायाम केला. सरळ चालणाऱ्या काहींचं तेवढ्यावर भागतं. माझं नाही भागलं. वर्गात पोरांच्या मागे गर्रकन वळले की पाय खालून निसटतो. तीनदा झालं, म्हणून आता ऑपरेशन.

मला वाटलं होतं, तुटलेलं शिवतील. तर ते सहसा शिवत नाहीत, त्या जागी दुसरी दोरी ओवतात. आणि ती कुठून काढायची ते डॉक्टरांनी मला विचारलंय! "सगळ्याच चांगल्या आहेत, तुमच्या कामावर आहे, विचार करून सांगा." अगं, चष्म्याची एक फ्रेम घ्यायला मी तुला तीनदा बरोबर नेलं होतं.

तुझी होती ती वाटीखालची. मधला तिसरा हिस्सा, साधारण 10 मिमी रुंद, दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे. हाडात हाड रुजतं म्हणून लवकर धरते. पण पुढे गुडघे टेकताना दुखू शकतं, आणि माझं काम काय? दिवसभर गुडघ्यांवर बसून बुटांच्या नाड्या बांधणं.

दुसरी मांडीच्या मागची. स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोन कंडरा काढून, दुमडून चारपदरी करतात. मग ती मूळ लिगामेंटपेक्षाही जास्त ओढ सोसते. पण जाडी 8 मिमीच्या आत भरली तर पुन्हा तुटायची भीती वाढते, आणि माझ्या तंगड्यांना काड्या कोण म्हणायचं? नेमकी जाडी काढून मोजल्यावरच कळणार. शिवाय टाच पूर्ण मागे ओढायचा जोर थोडा जातो. ती जिथून काढतात त्या जागेला शरीरशास्त्रात हंसाच्या पावलाचं नाव आहे म्हणे. माझ्या चालीत एवढा तरी हंस सापडला.

तिसरी वाटीच्या वरची. चांगली जाड, गुडघे टेकायला त्रास कमी. पण मांडीचा पुढचा स्नायू आधीच वाळून चिपाड झालाय, त्यातूनच आणखी काढायचं?

आणि चौथी, दान केलेल्या देहातली. माझं काहीच कापायला नको. तरुण खेळाडूंमध्ये ती जास्त तुटते, "पण तुमच्या वयाला चालेल." मेलेल्या माणसाची दोरी म्हणून मला काहीच वाटलं नाही, 'तुमच्या वयाला' मात्र जिव्हारी लागलं. 43 म्हणजे काय गं?

भूल, टाके यांची भीती नाही वाटत. रात्री मांडीवर हात फिरवत पडते आणि वाटतं, या बिचारीनं काय केलंय? जे धड आहे त्यातलं काढून द्यायचं, आणि कुठलं ते मीच बोट दाखवून सांगायचं. घरात कुणाला हे सांगितलं तर म्हणतात, डॉक्टर सांगतील ते कर. डॉक्टरच तर सांगत नाहीयेत!

फिजिओबाई म्हणाल्या, कुठलीही घाला, आधी ती अशक्तच होते. तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, तो नव्यानं यावा लागतो. दोन-तीन महिन्यांनी माणसाला वाटतं झाले बरी, नेमकी तेव्हा ती कच्ची असते. खेळायचं तर किमान नऊ महिने थांबा. मी गप्पच बसले. तू सहाव्या महिन्यात कोर्टवर होतीस, आणि आणलं होतं मी, फायनल आहे म्हणून.

आता लिहितेच आहे तर तेही लिहून टाकते. ते शटल माझंच होतं. 'माझं!' म्हणून ओरडले आणि जागची हलले नाही, म्हणून तू धावलीस. चौदा वर्षं मी उलटं सांगत आलेय, अगदी तुझ्या नवऱ्यासमोरसुद्धा.

काकूंचा मोतीबिंदू नीट झाला ना? चिनूचं काय ठरलं? नवीन साहेब जुन्यापेक्षा बरा आहे का? सगळं सविस्तर लिही, मी लिहीत नाही तशी नको.

पण त्याआधी एक. शुक्रवारी मला डॉक्टरांना उत्तर द्यायचंय. इतक्या वर्षांत मी तुला कधी विचारलं नाही. तू जमिनीवर गुडघे टेकतेस का? टेकलेस तर किती वेळ? मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगू नकोस.

तुझी,
वंदी