अंदाजपत्रकाचा साचा संस्थेचा स्वतःचा हवा

महोदय,

नवे आर्थिक वर्ष जवळ आले की स्वयंसेवी संस्थांत प्रकल्पांची अंदाजपत्रके तयार होऊ लागतात. बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीची एक्सेल फाइल उघडून प्रकल्पाचे नाव बदलले जाते, आकडे थोडे वाढवले जातात आणि ती देणगीदाराकडे जाते. आरोग्य प्रकल्पाची फाइल एकाची, शिक्षणाची दुसऱ्याची. एकाच संस्थेत प्रवासखर्चाचे दरही जुळत नाहीत. मी संस्थांचे हिशेब पाहते. या ढिलाईची झळ शेवटी गावात काम करणाऱ्या माणसाला बसते, म्हणून हे पत्र.

समजा, एका कार्यकर्तीचे वेतन दरमहा 20,000 रुपये आहे, त्यात मूळ वेतन 15,000. अंदाजपत्रकात 'वेतन 2,40,000' एवढेच लिहिले जाते. भविष्य निर्वाह निधीतला संस्थेचा वाटा शुल्कासह मूळ वेतनाच्या 13 टक्के, म्हणजे वर्षाला 23,400. राज्य कामगार विम्याचे पूर्ण वेतनावर 3.25 टक्के, म्हणजे 7,800. ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण 8,650. हे कायदे लागू असलेल्या संस्थेत जवळजवळ 40,000 रुपये कागदावरच नसतात. मग ते प्रशिक्षणाच्या पैशांतून काढले जातात, नाहीतर तिच्याच पगारातून.

संस्थेचा एकच साचा असेल तर वेतन भरताच ही शीर्षे आपोआप भरली जातील. प्रत्येक ओळीत दर, संख्या, महिने आणि तो दर कशावरून धरला याची नोंद हवी. दरांचे पान वेगळे ठेवून कार्यकारिणीने ते दरवर्षी मंजूर करावे. खरेदीवरचा जीएसटीही त्यात धरावा. बहुतेक संस्थांना तो परत मिळत नाही.

प्रत्येक देणगीदाराचा नमुना निराळा असतो, ही अडचण खरी आहे. पण आपला तपशील पक्का असला तर कोणताही नमुना त्यावरून भरता येतो.

कंपन्यांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाच्या, नियमांतली प्रशासकीय खर्चाची 5 टक्के मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांचा थेट खर्च त्यात येत नाही, हे 2021 च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिले आहे. तरीही तीच मर्यादा दाखवून संस्थेच्या लेखापालाचे आणि समन्वयकाचे वेतन कापले जाते. ते थांबवावे, ही कळकळीची विनंती.

— एक लेखापाल, नाशिक
(नाव प्रसिद्ध करू नये)